सुपातले हिरडे

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं, पण चौथीनंतर शाळा सुटली आणि वेलांट्याही सुटल्या. नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. विळा आणि खुरपं धरून बोटं अशी झालीत की अक्षर ओळीवर बसत नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर अक्षराबद्दल माफ करावं. बाकीची माफी मला वाचणाऱ्यांची मागायची नाही. ज्यांची मागायची, त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं.

लिहायचं कारण असं झालं, की परवा दारात दोन पोरी आल्या. हातात पाटीएवढा मोबाइल, गळ्यात ओळखपत्र. आदिवासी बायांच्या तब्येतीची पाहणी आहे म्हणाल्या. गोड बोलत होत्या. एकीनं विचारलं, आजी, तुम्हाला एकूण मुलं किती झाली, त्यातली किती आहेत. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, आधी तू सांग, हे विचारून तू काय करणार. ती दुसरीकडं बघायला लागली. दुसरी म्हणाली, वर पाठवणार. वर म्हणजे कुठं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्या गेल्यावर मी गोधडी ओढून भिंतीकडं तोंड करून पडले. सुनेला वाटलं मला ताप आला. ताप नव्हता. इतक्या वर्षांनीही तो राग जागचा हललेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. आमची महादेव कोळ्यांची वाडी, सदतीस घरांची. एसटी खालच्या गावच्या फाट्यापर्यंत यायची आणि तिथून वाडी दोन-अडीच तासांची चढण. घर कुडाचं, आतल्या अंगाला शेणामातीनं लिंपलेलं. पडवीत शेळ्या, आत आम्ही. पहाटे शेळ्यांच्या घंट्या आणि आईच्या जात्याची घरघर एकाच वेळी सुरू व्हायची, आणि जातं थांबलं की समजायचं, आता चूल पेटणार. नाचणीची भाकर, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात खेकड्याचं कालवण. खेकड्याच्या नांग्या आई वाटून कालवणात घालायची आणि तो वास शेळ्यांच्या वासावर मात करायचा. भात होता तोवर भात, नंतर रानातली भाजी. चैत्र-वैशाखात सगळी वाडी बाळहिरडा गोळा करायला रानात. कोवळे हिरवे हिरडे कातळावर पसरायचे, आठ दिवसांत ते वाळून काळे, कडक, सुरकुतलेले व्हायचे. गोण्यांत भरताना त्यांचा खडखडाट होई. व्यापारी येऊन घेऊन जायचा, पण प्रत्येक घरात औषधाला म्हणून गाडगंभर हिरडे राहायचेच. वर्षभर.

घरात आई, बा, माझा मोठा दादा, त्याची बायको म्हणजे जनीवहिनी, मी, आणि बाची थोरली बहीण नवसाआत्या. आत्याला लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आलं, तेव्हापासून ती आमच्याकडं. ती वाडीची सुईण होती. उंच, हाडकुळी, बोलणं कमी. तिचे हात मात्र मोठे आणि उबदार होते, थंडीतसुद्धा. बोलावणं आलं की राखेनं कोपरापर्यंत हात घासायची, नवं ब्लेड कमरेला खोचायची आणि निघायची. पैसा घ्यायची नाही. मूल जगून पाचवी झाली, तर ओंजळभर तांदूळ आणि एक सुपारी, एवढंच. नाही जगलं, तर काहीच नाही, आणि पुढचं कामही तिचंच असायचं.

ते पुढचं काम सांगितल्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही. पाचव्या दिवशी सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तोवर ते घरचं नाही. तोवर त्याला नाव नाही, पाळणा नाही, मुलगा की मुलगी हेही मोठ्यानं बोलायचं नाही. त्याआधीच जे गेलं, त्याला आत्या पहाटे घेऊन जायची आणि वाडीमागच्या उंबराखाली ठेवून वर दगड लावून यायची. बाळाची आई सहाव्या दिवशी कामाला. मग त्याचा उल्लेख नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, झालंच नाही. तोंडानं सांगितलं, बोटावर मोजलं, तर ते मागं वळतं, त्याच पोटी पुन्हा येतं आणि पुन्हा जातं, असं आमच्याकडं मानत. लोक याला अडाणीपणा म्हणतील. मला तो कधी अडाणीपणा वाटला नाही. सहाव्या दिवशी उठून डोईवर हंडा घेणाऱ्या बायांनी जगण्यासाठी धरलेली ती रीत होती.

त्या वर्षी भाताची झोडणी झाली आणि पुण्याच्या बाई आल्या. कुठल्याशा मोठ्या संस्थेच्या होत्या. चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. त्या आमच्यात बसल्या, आमची भाकर खाल्ली, चटणी तिखट लागली तरी पुन्हा मागितली. आम्ही काय खातो, कुठला पाला कशावर देतो, वरसूबाई देवीला काय वाहतो, झोडणीला काय म्हणतो, सगळं लिहायच्या. शेजारची ठकूबाई होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, “ह्या बाईच्या वहीतनं आमचं मुतणं तेवढं सुटलं बघा.” बायका लोळून हसल्या. बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मी असली लाजाळू, परक्यापुढं मान वर न करणारी, पण वाडीत लिहिता-वाचता येणारी मुलगी मी एकटीच. म्हणून बाईंनी मला हाताशी घेतलं. बायका त्यांच्याशी बोलायला लाजत, तर मी विचारायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्ममागे पाच रुपये.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला ओट्यावर बसवून नीट समजावलं होतं, हे मी लपवणार नाही. त्या म्हणाल्या, ही माहिती वर जाईल. जिथं लहान मुलं जास्त दगावतात, तिथं आधी नर्स मिळेल, म्हणून खरं लिहायचं. मी मान हलवली. मला वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या वाड्यांचं असेल.

मी घरोघर गेले. फॉर्मवर नववा प्रश्न होता: एकूण बाळंतपणं किती, जिवंत मुलं किती, दगावलेली किती. बाया जिवंत होती तेवढी सांगायच्या आणि शेवटच्या रकान्यात मी शून्य काढायचे. उंबराखाली दगड किती आहेत हे मला ठाऊक होतं, लहानपणी तिथं आम्ही खेळायला गेलो की आत्या ओरडायची. तरी शून्य. आपल्या घराची पाळी आली तेव्हा बाई शेजारीच बसल्या होत्या. वहिनी चुलीपाशी. तिला तेव्हा तिसरा महिना होता. त्याआधीची दोन उंबराखाली होती. मी मान खाली घालून प्रश्न वाचला. वहिनी म्हणाली, “मला अजून झालंच न्हाई, वन्सं. ल्हिवा की.” मी आत्याकडं बघितलं. आत्यानं नुसती मान हलवली, वर खाली नव्हे, आडवी. मी तिन्ही रकान्यांत शून्यं काढली. गुरुजी म्हणायचे, चिमाचं शून्य गोल येतं. खरंच गोल आली होती.

मजुरी मिळाली एकशे पंच्याऐंशी रुपये. बाला चप्पल आणली, घरात मीठ-मिरची, वहिनीला हिरव्या बांगड्या, आणि मला एक आरसा, पाठीमागं मोराचं चित्र असलेला. मी त्याच्यात सारखी बघत बसायचे. ठकूबाई म्हणायची, “चिमे, आरसा झिजंल गं.”

हिरड्याच्या दिवसांत बाई पुन्हा आल्या. या वेळी बरोबर दोन-तीन साहेब होते, सरपंच होते. देवळापुढं सगळ्यांना बसवलं. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. म्हणाल्या, एवढ्या दुर्गम भागात, दवाखाना नाही, रस्ता नाही, आणि या वाडीत एकही बाळ दगावलेलं नाही. शहरानं यांच्याकडून शिकावं. ही नवसाबाईंच्या हातांची, त्यांच्या परंपरेची, त्यांच्या ज्ञानाची किमया आहे. मग त्यांनी आत्याला पुढं बोलावलं आणि तिच्या अंगावर शाल घातली, तांबडी, जरीच्या काठाची. नारळ दिला. फोटो काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांनीही वाजवल्या, ठकूबाईनंही. मीसुद्धा वाजवल्या. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. आत्या उभी होती ती खांबासारखी. घरी आल्यावर तिनं शालीची घडी घातली, माळ्यावर ठेवली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली. नर्स खालच्या गावाला आणि पलीकडच्या दोन वाड्यांना मंजूर झाली, असं सरपंच जाता जाता सांगून गेले. आपल्याला गरज नाही, असंही म्हणाले. ते ऐकून बा खूश झाला. आपल्या वाडीचं नाव झालं.

आषाढात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, धामधुमीत वहिनी बाळंत झाली. चिखलातून उठून घरी आली ती दुपारी. आत्यानं सगळं केलं जे ती करायची, आणि मुलगी झाली. आज मी ते लिहिते, मुलगी झाली. रडली, पण मांजरीच्या पिलासारखी. अंगावर ओढेना. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. आत्यानं आयुष्यभराचं सगळं शहाणपण एका दिवसात वापरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दादाला म्हणाली, “माझ्या हातातलं संपलं. खाली न्या.” असं ती आयुष्यात एकदाच बोलली. वहिनीला चालवत नव्हतं, म्हणून मी बाळ छातीशी बांधलं, वरून इरलं घेतलं आणि दादा पुढं, मी मागं, असे निसरड्या वाटेनं उतरलो. ओढा कमरेपर्यंत होता. दादानं मला दंडाला धरून पलीकडं नेलं. सगळ्या वाटेनं मी तिचा श्वास माझ्या गळ्यापाशी ऐकत होते. तो कधी थांबे, कधी सुरू होई, आणि सुरू झाला की मी पाऊल टाकायचे.

खालच्या गावात नर्सबाईंची खोली नवीन होती, अजून चुन्याचा वास येत होता. त्यांनी बाळाला हातात घेतलं, औषधाचे थेंब घातले, पाठ चोळली, जे त्यांना येत होतं ते सगळं केलं. अर्ध्या तासानं त्यांनी हात थांबवले. म्हणाल्या, “काल आणलं असतं तर बरं झालं असतं.” मी विचारलं, तुम्ही वर वाडीत का येत नाही? त्या म्हणाल्या, “तुमची वाडी माझ्याकडं नाही गं. तुमच्याकडं काही होतच नाही असं वरून आलंय.” मला खरं वाटेना म्हणून त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडं फिरवला. टाइप केलेला होता. वाड्यांची नावं एकाखाली एक, पुढं रकाने. चौथी शिकलेलीला ते वाचता आलं. आमच्या वाडीच्या नावापुढं शेवटच्या रकान्यात एक शून्य होतं. माझ्या सदतीस शून्यांचं मिळून एक.

आत्या वाडीच्या वेशीवर उभी होती. तिनं बाळ माझ्याकडून घेतलं. तिच्या काखेत ती तांबडी शाल होती. तिनं ती त्या दिवशी पहिल्यांदा उलगडली, त्यात बाळाला गुंडाळलं, आणि उंबराकडं गेली. रिकाम्या हातांनी परत आली.

पाचवा दिवस उजाडला. मी सूप घेऊन नाचणी पाखडत होते आणि राग इतका आला होता की निम्मी नाचणी जमिनीवर सांडत होती. मी वहिनीला म्हटलं, आता तरी सांगू का? लिहू का तीन? ती भिंतीला टेकून बसली होती. मग म्हणाली, “तोंडानं न्हाई, वन्सं. तोंडानं न्हाई सांगायचं.” आणि भिंत धरून उठली, गाडग्यात हात घातला आणि माझ्या सुपात तीन हिरडे टाकले. एक. दोन. तिसरा टाकताना तिचा हात सुपावरच थांबला. मग तोही टाकला आणि जागेवर जाऊन बसली. आईनं चुलीपाशी बसून हे पाहिलं. ती आली आणि माझ्याकडं न बघता एक टाकून गेली. मला आणखी कुणी भाऊ की बहीण होती हे मला त्या दिवशी कळलं.

मी नाचणी ओतून ठेवली आणि ते सूप घेऊन बाहेर पडले. ज्या घरी फॉर्म घेऊन गेले होते त्या प्रत्येक घरी गेले. काही विचारलं नाही, नुसतं म्हटलं, जनीवहिनीनं टाकले, तुम्हाला टाकायचे तर टाका. एकीनं मला दारातून हाकललं, “अवदसा मेली, हे घिऊन माझ्या उंबऱ्यात येऊ नगंस.” मी पुढच्या घरी गेले, तर त्या हाकलणारीची सासू परड्यातून वाकत वाकत आली आणि पदराखालून दोन टाकून गेली, सुनेचे की स्वतःचे, सांगितलं नाही. बाया पाठमोऱ्या होऊन गाडग्यात हात घालत. कुणी माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं. ठकूबाईकडं गेले तेव्हा ती नेहमीसारखी काही बोलेल म्हणून मी तयारीत होते. तिनं टाकायला सुरुवात केली, आणि ते थांबेना. मी कुडाच्या भिंतीकडं बघत राहिले. वाळका हिरडा सुपात पडला की टक्क असा आवाज येतो. तो आवाज मी आजही ओळखते, रेशनच्या दुकानात कुणी खडा टाकला तरी.

संध्याकाळच्या आत घरी आले. आत्या पडवीत बसली होती. तिनं सूप मांडीवर घेतलं आणि बोटांनी हळूहळू पसरून बघितलं. तिला सगळे माहीत होते, सगळ्यांना तिनंच नेलं होतं. म्हणाली, “शेवंता माहेरी गेली ती पुन्यांदा आली न्हाई. तिचा ह्यो.” एक टाकला. “बबी गेली, तिच्या मागं टाकाया कोन हाय? तिचे हे.” दोन टाकले. मग आणखी एक हातात घेऊन तिनं तो उगाच लुगड्याला पुसला, बराच वेळ, आणि टाकला. मी विचारलं नाही कुणाचा. आत्याला मूलबाळ नव्हतं, असं आम्ही सगळे मानत आलो होतो.

त्या सुपावर फडकं बांधून मी ते माळ्यावर ठेवलं, शालीच्या जागी. दसरा झाल्यावर बाई आल्या. आत्याच्या पाल्यापाचोळ्याच्या औषधांचे फोटो हवे होते, पुस्तक करायचं चाललं होतं. पडवीत बसल्या, चहा घेतला, माझी चौकशी केली, वहिनी कशी आहे, काय झालं तिला, मुलगा की मुलगी? हसत विचारलं. मी आत गेले, सूप आणलं, त्यांच्यापुढं ठेवलं आणि फडकं सोडलं.

बाई म्हणाल्या, “हे काय? हिरडे आत्ता कुठले?”

मी म्हटलं, “फॉर्मातले हायत. जिथं जिथं मी शून्य काढलं, तिथले.”

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, हे मी खोटं सांगणार नाही. मग त्या म्हणाल्या, “मला तेव्हाच का नाही सांगितलंस, चिमा? मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता. तू तर शिकलेली.”

माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा मलाच अनोळखी वाटला. मी म्हटलं, “म्या खोटं लिवलं, त्ये माझ्यावर हाय. पर तुमी इतकं समदं लिवून घेतलं, बाई. देवाला काय वाहतो, पाला कुठला, कालवण कसलं. बाया कशाबद्दल बोलत न्हाईत, त्ये एकदाबी इचारलं न्हाई. वाडीत एक बी प्वार मेलं न्हाई ह्ये तुमाला खरं वाटलंच कसं? पुण्यात तरी आसं व्हतं का?”

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, अहवाल छापून गेला, आता तो बदलणं माझ्या एकटीच्या हातात नाही. आणि बोलता बोलता त्यांची नजर सुपावर गेली, तिथंच राहिली, आणि त्यांचा आवाज बदलला. “किती वेगळं आहे हे,” त्या म्हणाल्या. “न बोलता मोजायचं. याच्यावर लिहायला हवं. जरा उजेडाकडं धर बरं सूप.” आणि पिशवीतून कॅमेरा काढला. कॅमेरा एका हातात आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं हिरडे सारत त्या मोजायला लागल्या, ओठ हलवत, एक, दोन, तीन.

मी सूप ओढून घेतलं. इतक्या जोरात की दोन हिरडे उडून शेळ्यांत पडले, आणि मी शेळ्यांच्या पायांतून ते हुडकून पुन्हा सुपात घातले. म्हटलं, “मोजायचं न्हाई. तुमी छापलेलं शून्य आदी खोडा. मग मोजा.” त्या म्हणाल्या, अगं, ते माझ्या हातात नाही म्हटलं ना. मी म्हटलं, “मंग ह्येबी न्हाई. आन तुमची मजुरी मी परत करनार. खोट्या कामाचे पैसे हायत.” त्या म्हणाल्या, वेडी आहेस का, तू राबलीस, पैसे तुझे. आत्यानं कपबशी उचलून बाईंच्या पुढं धरली. ती म्हणाली, “बाई, चा गार झाला. घ्या आन निघा, ऊन हाय तवर उतराल.”

बाई वाईट नव्हत्या. इतक्या वर्षांत मी हे पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. आमची भाकर खाणाऱ्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसावरचा राग कुठं ठेवायचा हे कुणी शिकवत नाही. मी त्या हिरड्यांचा आकडा या वहीतही लिहिणार नाही. मला तो ठाऊक आहे. पण बायांनी तो मला सांगितलेला नव्हता, माझ्याजवळ ठेवायला दिला होता.

बाई हिरडे मोजायला लागल्या होत्या, हे त्या उतरून गेल्यावर वाडीभर झालं आणि संध्याकाळपर्यंत बाया एकेक करून आमच्या पडवीत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सूप पडवीत उघडंच होतं. प्रत्येकीनं आपले तेवढे उचलले आणि ओटीत घेतले. एकीनंही कमी उचलला नाही, एकीनंही जास्त नाही. शेवंताचा, बबीचे आणि तो एक, एवढे राहिले, ते आत्यानं उचलले. माझं सूप मला रिकामं परत मिळालं. नर्सबाई आमच्या वाडीत पुढं काही वर्षांनी यायला लागल्या. ते आमच्यामुळं झालं असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. वहिनीला त्यानंतर दोन मुलगे झाले, दोघेही आहेत, मोठ्यानं सांगायला हरकत नाही.

राहिले पैसे. आरसा विकला जाईना, मी तो भिंतीकडं तोंड करून टांगला. त्या उन्हाळ्यात बायकांच्या टोळीबरोबर मी पिंपरी पेंढारला कांदे काढायला गेले. हप्त्याची मजुरी बाच्या हाती जायची, त्यातले थोडे मी मागून घ्यायचे. पहिले पन्नास रुपये मनीऑर्डरनं पाठवले. ते परत आले, वर बाईंनी लिहिलं होतं, हे तुझे आहेत, शिक्षणाला वापर. मला भयंकर चीड आली. कमिशन पुन्हा भरून तेच पन्नास पुन्हा पाठवले. पोस्टमन म्हणाला, “काय गं, त्या बाईकडनं व्याजानं घेतलंतंस का?” मी म्हटलं, “व्हय.” त्यानंतर परत आले नाहीत. मग एकदा पन्नास, एकदा चाळीस. मधेच माझं लग्न झालं आणि मी येडगावला आले, धरणाच्या काठाला. सासरची माणसं मासेमारीची. नव्या नवरीनं पुण्याला पैसे कशाला पाठवायचे, म्हणून सासूनं चार महिने तोंड वाजवलं, “माहेरचं भूत पुण्याला ऱ्हातंय का काय हिचं?” दुसऱ्या हंगामात बोरी बुद्रुकला कांदे काढले आणि राहिलेले पंचेचाळीस पाठवले. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला जी इवलीशी जागा असते तिथं लिहिलं, सदतीस घरांचे पूर्ण.

पोचपावती आली, तिच्यावर बाईंची सही होती, दुसरं काही नाही. पंचमीला माहेरी गेले तेव्हा ती घेऊन गेले. आत्या तेव्हा थकली होती, डोळ्यांना कमी दिसायचं. तिनं कागद हातात घेतला, सहीवरून अंगठा फिरवला.

“समदं गेलं?” तिनं विचारलं.

“समदं.”

“बरं झालं,” आत्या म्हणाली. “आता त्यांचं त्यांच्यापाशी आन आपलं आपल्यापाशी.” आणि तिनं पावती घडी करून मला परत दिली. एकशे पंच्याऐंशी रुपये. पुरे फिटले.